नाना गेला, वही उघडीच आहे

आमच्या चाळीत पहाटे चारला पाणी येतं आणि पावणेपाचला जातं. मजल्यावर वीस खोल्या. त्या वीस खोल्यांची दारं नाना वाजवायचा. दोन टकटक आणि एक खोकला, ही त्याची सही. गेल्या महिन्यात एका बुधवारी टकटक झाली नाही. पाणी आलं आणि कुणाला न भेटता परत गेलं. साडेपाचला बाया रिकामे हंडे घेऊन बाहेर आल्या आणि ओरडल्या, "आज नानाला झोप लागली का काय?"

लागली होती. कायमची. त्र्याहत्तर वर्षांचा नाना रात्री कधीतरी झोपेतच गेला होता. नानी लेकीकडे विक्रोळीला गेलेली. दार आतून नुसतं लोटलेलं. उशाला चष्मा आणि चष्म्याखाली वही.

तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो. इथं 'तो' म्हणतोय. आपल्यात मेलेल्या माणसाला एकेरीतच हाक मारून रडतात, म्हणून. आणि त्याचं नाव मी इथं छापत नाही. त्यानं आयुष्यात कुठल्या पाटीवर, कुठल्या पावतीबुकावर, कुठल्या हंड्यावरसुद्धा आपलं नाव घातलं नाही. मेल्यावर मी कोण घालणारा? तुमच्याही वस्तीत एक नाना असेल. त्याचं नाव घाला आणि वाचा.

या अंकाचं संपादकीय दुसरंच होतं. गटबाजीवर. चार पानं लिहून तयार होती. त्यात मी सगळ्या गटांच्या सगळ्या पुढाऱ्यांना सोलून काढलं होतं, आणि शब्द कसे चाबकासारखे आलेत म्हणून स्वतःवरच खूष होतो. ती पानं मी फाडली. का फाडली ते सांगतो.

बुधवारी दुपारी नानाला आम्ही जाळलं. त्रिशरण पंचशील झालं. घरी येऊन आंघोळ करतोय तोवर चाळीच्या दोन टोकांना दोन फ्लेक्स लागलेले. दोन गट, दोन फ्लेक्स. एकावर अकरा तोंडं, दुसऱ्यावर चौदा. सगळी हसणारी, गॉगलवाली, दोन बोटं वर केलेली. आणि खाली कोपऱ्यात, रेशनकार्डावरून उचललेला, पोस्टाच्या तिकिटाएवढा नाना. भावपूर्ण श्रद्धांजली. संध्याकाळी शोकसभा कुणाच्या बॅनरखाली घ्यायची यावरून भांडण. आवाज चढले, कॉलरी धरल्या गेल्या. नानाची राख अजून गरम होती आणि आम्ही त्याच्या मेलेल्या अंगाची वाटणी करत होतो.

मी मधे पडलो नाही. मी कठड्याला टेकून बघत होतो आणि मनात पुढच्या कवितेची ओळ जुळवत होतो. हे लिहिताना लाज वाटते. पण लाज लपवून संपादकीय लिहिणारे पांढरपेशे खूप आहेत. आपण तरी तसं करू नये.

दुसऱ्या दिवशी नानीनं मला आत बोलावलं. पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. आत वह्या. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याच्या, कोपरे झिजलेल्या. मोजल्या, एकोणीस भरल्या. नानी म्हणाली, "तू लिवतोस म्हनं. मंग ह्ये बग. त्यानं बी जलमभर लिवलं, पर कुनी छापलं न्हाई."

त्या वह्या मी रात्रपाळी करून आल्यावर आठ दिवस वाचत होतो. तेव्हा कळलं, माझ्या शेजारच्या खोलीत पंचवीस वर्षं कोण राहात होतं.

नाना कशासाठी लिहायचा ते समजायला त्याच्या बापापर्यंत जायला लागतं. बाप गोदीत. १४ एप्रिल १९४४. बाबासाहेबांचा त्रेपन्नावा वाढदिवस. व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाचं जहाज लागलेलं. एकाच पोटात कापसाच्या गाठी, सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि सोन्याच्या विटा. महायुद्ध चालू, घाई सगळ्यांना. दुपारी कापूस पेटला. चारच्या सुमाराला जहाज फुटलं, अर्ध्या तासात दुसऱ्यांदा फुटलं. गोदी गेली, आजूबाजूच्या वस्त्या गेल्या, हात-पाय कुठल्या कुठं जाऊन पडले. सोन्याच्या विटा उडाल्या. त्यातल्या काही पुढं कित्येक वर्षं गोदीचा गाळ उपसताना सापडत राहिल्या, आणि सापडल्या की सरकारजमा झाल्या. कारण विटांचा हिशोब होता.

माणसांचा? त्या काळी गोदीच्या गेटवर मुकादम उभा राहायचा आणि बोट दाखवून माणसं उचलायचा. तू ये, तू ये, तू नको. नोंद कसली? नानाचा बाप त्या दिवशी उचलला गेला नाही म्हणून वाचला. त्याच्या ओळीतले उचलले गेले. ते परत आले नाहीत आणि ते गेले होते हेसुद्धा कुठल्या कागदावर आलं नाही. बाप नानाला सांगायचा, "सोन्याला नंबर हुता, आमाला नव्हता." नानानं हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकवलं की मी वैतागून म्हणायचो, झालं नाना, पाठ झालं. पाठ झालं होतं, पण समजलं नव्हतं.

१९४८ च्या गोदी कामगार कायद्यानं नोंदणीचा रस्ता निघाला. त्यामागे लढे होते, कुणी मेहेरबानी केली नव्हती. नाव रजिस्टरवर चढलं की पाळीचा हक्क आला. नाना त्या रजिस्टरवरचा कामगार. पुढं कंटेनर आले. दहा माणसांच्या टोळीचं काम एक क्रेन करायला लागली. १९८९ मध्ये खाडीपलीकडे न्हावाशेव्याचं बंदर सुरू झालं आणि बराचसा माल तिकडं गेला. नाना व्हीआरएस घेऊन घरी बसला. आज मी त्याच गोदीत जातो. स्टीलच्या कॉइलला स्लिंग लावतो. ठेकेदाराचा माणूस म्हणून. गेटपास आहे, हजेरी ठेकेदाराच्या मर्जीवर आहे. ऐंशी वर्षांत फिरून आम्ही परत त्या बोटासमोर उभे आहोत. तू ये, तू ये, तू नको.

म्हणून नाना लिहायचा. ज्याचं नाव कुठल्याच हजेरीवर नाही त्याचं नाव वहीत.

पहिली वही १९७४ ची आहे. १९७२ मध्ये पँथर निघाली तेव्हा नाना वीस वर्षांचा. ५ जानेवारी १९७४ ला वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरच्या सभेत हाणामारी झाली आणि दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव डोक्यात दगड पडून मारला गेला. नाना त्या मोर्चात होता. दगड वरून आला एवढंच तो सांगायचा आणि वर बघायचा. बाकी काही नाही. छाती बडवून 'मी पँथर होतो' म्हणणारे आपण रोज बघतो. नाना म्हणायचा नाही. त्याच्या वहीत काय आहे? पकडलेल्या पोरांची नावं. कोण कुठल्या कोठडीत. कुणाच्या घरी चूल पेटत नाही. कुणाच्या आईला मुलगा आत आहे हे अजून सांगितलेलं नाही. डबा कुणी न्यायचा.

त्याच वर्षी संघटना फुटली. का फुटली, कोण बरोबर, कोण चूक, यावर आपल्याकडं पुस्तकं आहेत, भाषणं आहेत, अजून संपलेली नाहीत. नानाच्या वहीत त्या फुटीवर एक ओळ नाही. डब्यांची यादी तेवढी चालू आहे. दोन्ही गटांची पोरं, एकाच पानावर, एकाखाली एक.

मग २७ जुलै १९७८. नामांतराचा ठराव आणि मराठवाडा पेटला. वहीत नावं येतात, मुंबईत नातेवाइकांकडं पळून आलेली बिऱ्हाडं, किती माणसं, पोरं किती, पांघरुणं किती. ठरावापासून १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारापर्यंत सोळा वर्षं गेली. त्या सोळा वर्षांच्या वह्या सहा आहेत. ११ जुलै १९९७, घाटकोपरचं रमाबाई नगर. बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना, लोक रस्त्यावर, पोलिसांचा गोळीबार, दहा जण ठार. त्या तारखेला वहीत फक्त रक्तगट आहेत. ओ पॉझिटिव्ह, बी पॉझिटिव्ह, ओ निगेटिव्ह. समोर खोली नंबर. कोण येतो, कोण घाबरतो.

आता माझा गुन्हा सांगतो.

एकदा जिन्यात मी नानाला झाडलं होतं. तो कुणा म्हातारीचा रेशनचा अर्ज भरत होता. मी नुकतंच काहीबाही वाचलेलं, डोकं तापलेलं. म्हणालो, "नाना, हे सरकारचं काम तुम्ही फुकटात करता. तुमच्यामुळं लोकांचा राग थंड होतो. तुम्ही या व्यवस्थेचे बिनपगारी हमाल आहात." चार पोरं होती, हसली. मला बरं वाटलं.

नानानं म्हातारीचा अंगठा घेतला, अर्ज घडी करून तिला दिला आणि मला म्हणाला, "पोरा, राग थंड व्हत न्हाई. न लिवलेला राग दारूत जातो नायतर बायकूच्या पाठीत जातो. लिवलेला राग कामाला येतो." आणि वही माझ्याकडं ढकलून म्हणाला, "तिसरा रकाना वाच."

मी वाचला नाही. कवीला कोण रकाने वाचायला सांगतो? मी निघून गेलो.

आता वाचला. नानाच्या वहीत प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत. पहिला, कुणाचं काम. दुसरा, काय काम. तिसरा, कोण काय बोललं. कुठल्या खिडकीवर, कितव्या तारखेला, कुठल्या हुद्द्याचा माणूस काय म्हणाला, ते जसंच्या तसं. 'साहेब जेवायला गेलेत.' 'तुमच्या लोकांना सगळं फुकटच पाहिजे.' 'पुढच्या सोमवारी.' 'पुढच्या सोमवारी.' 'पुढच्या सोमवारी.' एकोणीस वह्या, तिसरा रकाना. समाजसेवेची वही असती तर दोन रकाने पुरले असते. मदत करून फोटो काढणारे दोनच ठेवतात. कुणाला दिलं, काय दिलं. हा तिसरा रकाना म्हणजे फिर्याद आहे, पन्नास वर्षांची, तारीखवार.

तीन पानं सांगतो.

एक. २०१९. पावसाळ्याच्या तोंडावर एका सोसायटीच्या मैल्याच्या टाकीत आमच्या गल्लीतला पोरगा उतरवला. ठेकेदारानं उतरवला. दोर नाही, मास्क नाही, आत वायू आहे का बघायचं नाही. पोरगा आतच गेला. ठेकेदार म्हणाला, आमचा नव्हेच, हजेरीवर नाव दाखवा. सोसायटी म्हणाली, आम्ही ठेकेदाराला ओळखतो, पोराला नाही. कागदावर आलं 'अपघाती मृत्यू'. नानाकडं दोन गोष्टी होत्या. एक, २०१३ चा कायदा, ज्यानं हातानं मैला साफ करायला लावणं आणि सुरक्षेची साधनं न देता माणूस गटारात, टाकीत उतरवणं हा गुन्हा ठरवला आहे. दुसरी, सुप्रीम कोर्टाचा २७ मार्च २०१४ चा निकाल. १९९३ पासून गटारात, टाकीत मेलेल्या प्रत्येकाच्या घरच्यांना दहा लाख द्या, असा. नानानं पेपरातलं कात्रण प्लास्टिकच्या पिशवीत घातलं आणि त्या पोराच्या बायकोला घेऊन चालायला लागला. चौदा महिने. तिसरा रकाना सलग अकरा पानं. तिला पैसे मिळाले. गुन्ह्याचं काय झालं, तर 'तारीख'. पुढं 'तारीख'. २० ऑक्टोबर २०२३ ला सुप्रीम कोर्टानं ती रक्कम तीस लाख केली. नानानं त्याच पानाच्या समासात लिहिलं आहे: 'रक्कम वाडली. मानसं उतरवनं बंद कदी?'

दोन. नर्सिंगला नंबर लागलेली पोरगी. जातीचा दाखला हवा. अनुसूचित जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. आजाचा शाळेचा दाखला आणा म्हणाले. आजाला शाळेच्या पायरीवर कुणी उभं केलं होतं का, हे खिडकीतला माणूस विचारत नाही. ज्यांनी आम्हाला शाळेत घेतलं नाही तेच विचारतात, शाळेत होता त्याचा पुरावा द्या! नाना एसटीनं तिच्या गावाला गेला. तहसिलात बसला. गाव नमुना चौदा, म्हणजे कोतवाल बुक, जन्ममृत्यूची जुनी वही. त्यात तिच्या आजाच्या भावाच्या जन्माची नोंद निघाली, बापाच्या नावासकट, जातीसकट. नोंद मोडीत. मग मोडी वाचणारा शोधला. मग वंशावळीचं प्रतिज्ञापत्र. मग पडताळणी समिती. ज्या जातीच्या नोंदीनं पिढ्या गाडल्या, तीच नोंद पोरीला वर काढायला खणून आणली. ती आज नर्स आहे. बुधवारी नानाच्या पायांशी सगळ्यात जास्त तीच रडली.

तीन. हे पान माझं आहे. मला माहीत नव्हतं. वर तारीख, माझं नाव, पुढं: 'दहावी. दुसऱ्यांदा. रात्रशाळा. कविता करतो.' तिसऱ्या रकान्यात: 'मुकादम म्हनाला दुपारपाळी बदलनार न्हाई. गेलो. न्हाई. गेलो. शिवी दिली. गेलो. बदलली.'

दोस्तहो, ती पाळी बदलली तेव्हा मी चाळभर सांगत फिरलो होतो की मी मुकादमाला दम दिला. मी दहावी झालो ती माझ्या हिमतीवर, असं मी दोन कवितांत लिहिलंय. नानानं दोन्ही कविता ऐकल्या होत्या. म्हणाला होता, "बरी हाय." एवढंच.

म्हणून ती चार पानं फाडली.

नाना देव नव्हता. त्याला देव करणाऱ्याचा हात धरीन. बिडी सोडली नाही त्यानं. तापट होता. आणि सगळ्यात मोठी चूक, त्याच्या पहिल्या पाच-सहा वह्यांत बायकांना नावच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई. एका पानावर कार्यकर्त्यांच्या चहा-जेवणाचा हिशोब आहे. कुणी किती दिलं त्याची यादी, आणि शेवटी 'चहा, भाकरी: घर'. नानीनं मला ते पान उघडून दाखवलं. म्हणाली, "मी तवा त्येला इचारलं, घर म्हंजे कोन? भितीनं भाकरी थापल्या का?" त्याच्या खालच्याच ओळीत, वेगळ्या शाईनं, नानीचं पूर्ण नाव आहे. त्या पानानंतर एकाही वहीत 'अमक्याची बायको' नाही. सोन्याला नंबर होता आम्हाला नव्हता, असं बोलणारा माणूस आपल्याच घरातल्या माणसाला नंबर देत नव्हता. बायकोनं धरला आणि तो सुधारला. आपल्यातल्या किती जणांची वही त्या खालच्या ओळीपर्यंत आली आहे? आपल्या सभांत चहा कोण करतं? विचारा.

आणि २०२०. २५ मार्चपासून देश बंद. नाना अडुसष्ट वर्षांचा, दम्याचा. आम्ही त्याला कोंडून ठेवला. त्यानं जिन्यात खुर्ची टाकली, तोंडाला पंचा बांधला आणि आम्हाला मजल्यामजल्यावर पळवलं. कुणाकडं पीठ नाही, कुणाचं डायलिसिस, कोण गावाला चालत निघालं, कुठपर्यंत पोचलं. १४ एप्रिलला मिरवणूक नाही, डीजे नाही. खिडकीखिडकीत दिवे लावले. नानानं त्या दिवशी वहीत लिहिलंय, 'आज जयंती. सगळी घरात. सगळी जिती.' माझ्या सगळ्या कविता एकीकडं ठेवा आणि ही ओळ एकीकडं.

आता तुम्हाला विचारतो. आपण, तुम्ही आणि मी, काय केलं? घोषणा दिल्या. देऊ, द्यायलाच पाहिजेत. कविता लिहिल्या. लिहू. दर अन्यायावर मोबाइलवर निळा फोटो लावला. पण आपण कामाची एक उतरंड करून ठेवली. वर भाषण, त्याखाली कविता, त्याखाली मोर्चा, आणि सगळ्यात खाली अर्ज भरणं, डबा नेणं, मढं उचलणं. अहो, खालचं काम घाण, वरचं काम पवित्र, हे कुणी शिकवलं आपल्याला? मनू शिकवून गेला! आपण त्याला जाळला म्हणतो आणि त्याचीच उतरंड आपल्या संघटनेत रचतो. नाना त्या उतरंडीच्या तळाला बसला होता आणि आम्ही त्याच्या डोक्यावर उभं राहून क्रांतीच्या गोष्टी करत होतो.

दुसरीकडून एक धोका आहे, तोही सांगतो. आता काही सभ्य लोक येतील आणि म्हणतील, बघा, किती गोड माणूस होता, कुणाशी वैर नाही, सगळ्यांना मदत, असे दलित कार्यकर्ते पाहिजेत. सावध! नाना गोड नव्हता. त्याचं वैर तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं आहे, तारखेसकट. तो रकाना झाकून नानाला फोटोत बसवायचा डाव कुणी खेळला तर वही त्याच्या तोंडावर उघडा. नानाच्या चांगुलपणाची गरज पडली, हाच या राज्याचा गुन्हा आहे. टाकीत उतरवला नसता तर चौदा महिने चालायला लागलं नसतं. शाळेत घेतलं असतं तर कोतवाल बुक उपसायला लागलं नसतं.

तेव्हा मी आणि या अंकामागची पाच पोरं, आम्ही ठरवलंय ते छापतो, म्हणजे आम्हाला पळता येणार नाही.

नानाचं पुण्यानुमोदन चाळीच्या पटांगणात झालं तेव्हा दोन्ही फ्लेक्स उतरवले. दोन्ही गटांच्या पोरांनीच उतरवले. थोडी बाचाबाची झाली. नानी मधे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "माजा मानूस येवढा बारीक नव्हता." मग कुणी बोललं नाही. फ्लेक्सचं कापड आता तिसऱ्या मजल्यावरच्या गळक्या छपरावर आहे. पंचवीस हसणारी तोंडं पाऊस अडवताहेत. पहिल्यांदाच कामाला आली.

दर रविवारी सकाळी दहा वाजता जिन्यात, नानाच्या खुर्चीजवळ, आमच्यातले तिघं बसतात. विसावी वही उघडली आहे. तीन रकाने. तिसरा भरल्याशिवाय पान उलटायचं नाही, हा नियम. पहिल्या रविवारी नऊ लोक आले. मला अर्ज भरता येत नाही हे त्या दिवशी कळलं. दोन खोडाखोड करून फाडले. म्हातारी म्हणाली, "नानाचं अक्षर ह्येच्यापरीस बरं हुतं." खरं आहे. शिकतोय.

आणि पुढच्या अंकापासून शेवटचं पान 'तिसरा रकाना'. तुमच्या वस्तीतल्या खिडकीवर कोण काय बोललं ते तारखेसकट पाठवा. कविता कमी पाठवा. पाठवलीत तर सोबत एक पान वहीचं पाठवा. दोन्ही छापू. आणि जे पाठवतील त्यांनी हेही लिहावं, की आपल्या वस्तीत चारला पाण्यासाठी दारं कोण वाजवतं. तो जिवंत असतानाच लिहा. मी उशीर केला.

माझी रात्रपाळी आता नेहमीची आहे. त्या पहिल्या आठवड्यात रोज कुणीतरी उठायचं विसरायचं आणि अर्धा मजला पाण्यावाचून राहायचा. मग एका रात्री मी टोळीवाल्याला सांगून जरा लवकर सुटलो, चालत आलो. चारला पाच मिनिटं कमी होती. पहिल्या खोलीचं दार वाजवलं. दोन टकटक. खोकला मुद्दाम काढला, निघाला नाही नीट. आतून बाईचा झोपेतला आवाज आला, "कोन? नाना?"

काय सांगणार? म्हणालो, "पाणी आलंय, वहिनी."

जय भीम.